स्वयंपाकघरातला पुठ्ठा

बापूंच्या हनुवटीवरची चीर पाऊण तास झाला तरी थांबायचं नाव घेत नव्हती.

चीर म्हणजे तरी केवढी? तांदळाच्या दाण्याएवढी. दाढी करताना वस्तरा जरा आडवा गेला, इतकंच. पहिला कापूस लाल झाला. तुरटी फिरवली, दुसरा कापूस लाल झाला. तिसरा बोळा मी स्वतः दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. बापू खुर्चीत मान वर करून बसले होते आणि तशातही त्यांची बडबड चालूच होती.

"अगं हेमा, पंक्चर काढल्यागत दाबतीस की! सोड. थांबतंय आपोआप."

"बोलू नका. बोललात की हनुवटी हलते."

"हनुवटी न्हाई हलवली तर च्या कसा प्यायचा?"

मी बोळा उचलून पाहिला. पुन्हा एक लाल टपोरा थेंब वर आला. चेहरा मी तसाच ठेवला. दहा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढली होती, चेहरा तसाच ठेवायची सवय झाली होती.

इचलकरंजीत आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असे. त्या दिवशी मागांना सुट्टी होती. गल्ली इतकी गप्प होती की बापूंच्या छातीतली झडप ऐकू येत होती. टिक, टिक, टिक. बापू म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर मागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करत, राबलेले, बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणारे. त्याच वर्षी माघात मिरजेला त्यांच्या हृदयाची एक झडप काढून तिच्या जागी धातूची बसवली होती. तेव्हापासून त्यांच्या छातीत घड्याळ होतं आणि ते घड्याळ चालू ठेवायला रोज रात्री एक गोळी होती, रक्त पातळ ठेवायची. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गाठ धरणार आणि खेळ खलास. फार पातळ झालं तर कुठूनही गळती सुरू होणार. या दोन्हींच्या मधून बापूंना उरलेलं आयुष्य न्यायचं होतं आणि ते न्यायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं.

घेतलं होतं म्हणजे मिरवत घेतलं होतं. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर लाल शाईनं अकरा नियम लिहिले आणि स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीशेजारी खिळ्याला टांगले. अंगदुखीची गोळी नाही. काढा, चूर्ण, अर्क नाही. पालेभाजी जास्त नाही. गोळी चुकवणे नाही, चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेणे नाही. बापू जन्मात प्यायले नव्हते, तरी दारू नाही असंही लिहिलं. गल्लीत कुणाच्या घरी असा पुठ्ठा नव्हता. आल्यागेल्याला मी तो दाखवायची.

"बापू, बाही वर करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

दंडाच्या आतल्या बाजूला जांभळाएवढा डाग होता. कोपराखाली दुसरा. धोतर गुडघ्यावर सरकवलं, तर पोटरीवर तळहाताएवढा काळानिळा पट्टा.

"हे कधी झालं?"

"परवा-तेरवा. खाटंचा कोपरा लागला असंल."

"आणि दात घासताना?"

"जरा लाल येतंय. म्हातारपण हाय, हेमा."

मी गोळ्यांची डबी उघडली. ती मीच भरायची, वारांप्रमाणे. एकही गोळी जास्त गेली नव्हती, एकही कमी नव्हती. गेल्या महिन्यातली रक्ताची तपासणी अगदी हवी तशी आली होती. मग रक्त असं एकाएकी पातळ कशानं झालं? कुणीतरी या माणसाला काहीतरी खायला घातलं होतं. आणि घरात खायला घालणारी एकच व्यक्ती होती, माझी थोरली जाऊ.

शालनअक्का आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. एका छताखाली, एका चुलीवर, आणि बोलणं नाही. कारण सांगायला आज लाज वाटते. तिच्या पाच वर्षांच्या सुहासला ताप होता. तिनं आपल्या नवऱ्याची सर्दीतापाची गोळी अर्धी करून त्याला दिली आणि पोर गुंगीत जाऊन पडलं. मी कामावरून आले तर घरात हळदीकुंकवाच्या बायका बसलेल्या. त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "गोळी अर्धी केली म्हणून ती पोराची होत नाही! एवढंही कळत नाही? किती अडाणी असावं माणसानं!" पोर संध्याकाळी उठून खेळायला लागलं. अक्का मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण माझं बरोबर होतं.

मग बापू आमचं टपाल झाले. "बापू, त्यांना म्हणावं दूध उतू चाललंय." "बापू, तिला सांगा, ऐकू येतंय." दूध डोळ्यांदेखत ओट्यावर सांडायचं, आणि बापू बिचारे या खोलीतून त्या खोलीत निरोप पोचवायचे. कधीकधी वैतागून म्हणायचे, "मागाच्या धोट्यानं तरी इतक्या चकरा मारल्या नसतील गं."

त्या सकाळी मी टपालाची वाट पाहिली नाही. बापूंच्या हातात बोळा दिला, दाबून धरायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेले. अक्का भाकरी थापत होती. मी तिच्याकडे न बघता डबे उघडायला सुरुवात केली. रवा, पोहे, साबुदाणा. ओव्याची बाटली हुंगली. फळीवरचा मधाचा बुधला खाली घेतला. अक्का थापायची थांबली. चहापत्तीच्या डब्यामागे हात घातला आणि माझ्या बोटांना चुरचुरणारा कागद लागला. अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी. दहातल्या सहा गेलेल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हे काय आहे?" दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या तोंडाकडे बघून बोलले. "पुठ्ठ्यावर पहिल्याच ओळीत काय लिहिलंय? वाचता येतं ना? मारायचंय का त्यांना?"

अक्का पिठाच्या हातांनी उभी राहिली. तिचे ओठ थरथरत होते.

"ती माझी हाय," ती म्हणाली.

"तुमची?"

"माझं गुडघं दुखत्यात. जिना चढताना जीव जातोय, दीड वर्ष झालं. तुला कुठनं म्हाईत असणार? तू कधी इचारलंस?"

"मग दुसरं काय दिलंत? काढा दिलात? माहेरचं चूर्ण दिलंत? खरं सांगा!"

"काय बी दिलं न्हाई! सुहासची आण घेऊन सांगते, तुझ्या त्या पुठ्ठ्यावर न्हाई म्हणलेलं काय बी त्येंच्या पोटात गेलं न्हाई. रोज तो पुठ्ठा वाचून सैपाक करते मी. अडाणी असले तरी अक्षरं लागत्यात मला."

"उगाच रडून दाखवू नका! रक्त आपोआप पातळ होत नसतं."

"आणि तू बी उगा आवाज चढवू नगंस! तुझा एकटीचा सासरा हाय व्हय त्यो?"

आमचे आवाज वाढत वाढत गल्लीत पोचले असणार. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बापूंची हाक आली. अगदी खुशीतली हाक.

"शालन! आज मेथी कर गं! लसूण घालून, चांगली दाबून!"

मी बाहेर धावले. बापू खुर्चीत बसले होते, हनुवटीवर लाल बोळा आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या माणसासारखं हसू. रक्त फार पातळ झालं की मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो, हे मला पाठ होतं. घरात रक्त थांबेना, सुना उभ्या भांडतायत, आणि या माणसाला मेथी सुचतेय.

"बापू, माझ्याकडे बघा. आज वार कोणता?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"दोन्ही हात वर करा. डोकं दुखतंय? समोर एकाचे दोन दिसतात?"

"दोन सुना दिसत्यात," बापू हसत म्हणाले. "दोघीबी एकाच दारात. लई दिवसांनी दिसल्या."

मी मागे पाहिलं. अक्का माझ्या खांद्यामागे उभी होती. "मी रिक्षा आणते," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. घरातले दोघे पुरुष सूत आणायला बाहेरगावी गेले होते. ती पिठाच्या हातांनी, लंगडत गल्लीच्या तोंडाशी गेली. ती लंगडते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

रिक्षात बापू मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. रिक्षा सिग्नलला थांबली, इंजिन बंद झालं की टिकटिक ऐकू यायची. ती जरा जलद झालीये का, हे मी मोजत होते आणि मध्येच आकडा विसरत होते. अक्का पलीकडून बापूंचा हात धरून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती.

डॉ. मगदूम बापूंना पहिल्यापासून ओळखायच्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बोटं मोजायला लावली, हातापायांची ताकद पाहिली. "डोकं शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "तरी डोक्याचा फोटो काढून घेऊ. आधी रक्त." फोटो नीट आला. मग रक्ताच्या रिपोर्टसाठी तासभर बाकावर बसायचं. मला बसवेना. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. मनात एकेक औषध घेऊन बघत होते, याच्याबरोबर ते बाधतं, त्याच्याबरोबर हे बाधतं. एवढं सगळं मला माहीत होतं, आणि त्यातलं एकही बापूंनी घेतलेलं नव्हतं.

रिपोर्ट आला. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा तीनच्या आसपास हवा होता. साडेआठाच्या वर गेला होता.

डॉक्टर म्हणाल्या, "गोळी आजपासून बंद. उतारा देऊ, पण अगदी बेतानं. एकदम उतरवलं तर झडपेवर गाठ धरेल. ऐकताय ना? पुढचे दोन दिवस नाजूक आहेत. आणि हे कशामुळं झालं ते कळलं नाही, तर आज वाचवून महिन्याभरानं पुन्हा इथंच आणाल. नवीन काय सुरू केलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "मी स्वतः बघते सगळं."

"ताप, जुलाब? अँटिबायोटिक?"

"नाही."

"घरगुती काही? लसणाच्या पाकळ्या, ओव्याचा अर्क, कुणी दिलेली पुडी?"

"नाही. पुठ्ठ्यावर सगळं लिहून ठेवलंय मी."

"मग बंद काय केलं?"

"बंद?" मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले. "बंद काही नाही. सगळं होतं तसंच चाललंय."

"भाजी," मागून आवाज आला.

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डॉक्टरांकडे बघत, माझ्याकडे नाही.

"पालेभाजी सोडलीया त्येंनी. चातुर्मास लागल्यापासनं. नेम धरलाय. पयलं रोज रातच्याला भाकरीबरोबर वाडगाभर लागायची. मेथी न्हाईतर शेपू, न्हाईतर तांदळी. आता शिवत बी न्हाईत. पण भाजीचं आणि औषधाचं काय...? मला वाटलं, चांगलंच हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडं झालं की."

"हेच ते," डॉक्टर म्हणाल्या. "अहो, ही गोळी रक्त पातळ करायला एका बाजूला ओढते आणि पालेभाजीतलं जीवनसत्त्व ते गोठवायला दुसऱ्या बाजूला. हे रोज वाडगाभर खात होते, म्हणून यांना गोळी जास्त लागली, आणि तसं आम्ही जमवलं. आता भाजीची ओढ गेली आणि गोळी तेवढीच राहिली."

मला हे माहीत होतं. हीच तर खरी नामुष्की. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. पण सांगताना नेहमी अर्धंच सांगितलं होतं. पालेभाजी जास्त नाही. कमीही नाही, हे मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं, कारण रोजची वाडगाभर मेथी बापू सोडतील हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. रात्री मी दुकानातून येईपर्यंत बापूंचं जेवण उरकलेलं असायचं, आणि ज्या बाईला हे ताटात दिसत होतं, तिच्याशी मी बोलत नव्हते.

मी खाटेजवळ गेले. बापू चोरी सापडलेल्या पोरासारखे छताकडे बघत होते.

"बापू, हे काय केलंत?"

"तूच लिवलंयस की पुठ्ठ्यावर. जास्त न्हाई म्हणून. म्हणलं, सगळीच सोडावी. देवाची बी मर्जी, हेमाची बी मर्जी."

"पण नेम कशासाठी?"

"ते सांगायचं नसतंय."

"मग सकाळी मेथी कशी मागितलीत?" अक्का एकदम पुढं आली. तिच्या ध्यानात ते राहिलं होतं, माझ्या नाही. "नेम मोडलासा व्हय?"

"मोडला न्हाई," बापू म्हणाले. "पुरा झाला."

त्यांच्या छातीतली टिकटिक चालू होती.

"आता झालाच हाय तर सांगतो," ते हळूच म्हणाले. "देवाला म्हणलं होतं, ह्या दोघी एकमेकींशी बोलतील तवाच पालेभाजी खाईन. आज सकाळी बोललासा की. भांडलासा, पण तोंडाकडं बघून भांडलासा. मधी मी न्हवतो. लई गोड वाटलं बघा ऐकायला."

अक्कानं पदर तोंडाला लावला.

डॉक्टर तिला म्हणाल्या, "बाई, तुम्ही भाजीचं बोललात म्हणून बरं झालं. नाहीतर आम्ही अंधारात चाचपडत बसलो असतो."

"मला काय कळतंय डॉक्टरीण बाई," अक्का पदराआडून म्हणाली. "मी अडाणी."

खोलीत नर्स होती, शेजारच्या खाटेवरचा पेशंट होता, त्याची बायको होती. हळदीकुंकवाला बसलेल्या बायकांएवढी माणसं नव्हती, पण चारचौघं होती.

"नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "अडाणी मी आहे. अक्का, अडाणी मी. तेव्हाही असं बोलायला नको होतं मी."

अक्कानं नुसता माझा दंड धरला, घट्ट, आणि बराच वेळ सोडला नाही. तिच्या बोटांना वाळलेलं पीठ तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी आकडा साडेपाचावर आला, तिसऱ्या दिवशी साडेतीनावर. हनुवटीवर खपली धरली. ते तीन दिवस आम्ही आळीपाळीनं बसलो, आणि एक उठली की दुसरीला सगळं सांगून उठायची: लघवी किती झाली, पेज किती घेतली, हिरडी लाल आहे की नाही. सांगताना आधी अवघडल्यासारखं व्हायचं. दोन वर्षं न वापरलेलं कुलूप उघडायला जरा तेल लागतंच.

चौथ्या दिवशी बापू घरी आले. मागांचा खडखडाट सुरू होता. अक्कानं मेथी केली, लसूण घालून, चांगली दाबून. बापूंनी भाकरी मोडली आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "हेमाला सांग, भाजी झकास झालीय."

"मी इथंच आहे बापू," मी म्हणाले.

"म्हाईत हाय. पण मी सांगणार न्हाई. टपाल बंद झालंय आजपासनं."

जेवणं झाल्यावर मी पुठ्ठा खिळ्यावरून काढून मांडीवर घेतला. पालेभाजीच्या ओळीपुढे लाल शाईनं लिहिलं: कमीही नाही. रोज एक वाटी. अक्का आतून वाटी घेऊन आली.

"कुठल्या वाटीनं? ह्या, का ह्या मोठ्या?"

"ह्या. हीच कायम. दुसरी वापरायची नाही."

"बरं." ती माझ्या शेजारी टेकली, हळूच, गुडघ्यावर हात दाबत. पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला. मग हात पुढं केला. "पेन दे की."

तिनं अकराव्या ओळीखाली, मोठ्या आणि वाकड्या अक्षरांत, जीभ दातांत धरून बारावी ओळ लिहिली.

बापू पुढं अकरा वर्षं जगले. गेले ते झोपेत, दुसऱ्याच कुठल्या दुखण्यानं. पुठ्ठा मी माझ्या दुकानात आणला. आता माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे, काउंटरमागे तो टांगलाय. माझी लाल शाई उडत चाललीय. अक्काच्या ओळीवरून मात्र मी दरवर्षी पेन फिरवते. गिऱ्हाइकं ती वाचतात आणि विचारतात, हे कुठल्या औषधाचं?

तिनं लिहिलं होतं: काय बी सोडलं, तर घरात बोलणे.